उष्टा दोरा

एप्रिल अर्धा सरला की आमच्या इमारतीत कूलरवाला येतो. जाळीतून जुनं, काळं पडलेलं, लिबलिबीत गवत ओढून गॅलरीत टाकतो आणि नवं कोरं गवत भरून निघून जातो. मग पंप सुरू होतो, नवं गवत भिजतं आणि घरभर तो वास सुटतो. माझी सून डोळे मिटून उभी राहते आणि म्हणते, "आई, उन्हाळा आला!" नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या या इमारतीत साऱ्यांनाच तो वास आवडतो. मला मळमळतं. खोटं कशाला बोलू? या वयात आता कोणाला खूश करायचं आहे मला?

यंदा त्यात आणखी भर पडली. इमारतीतल्या बायकांनी एक टूम काढली आहे. देशोदेशीच्या बायका एकेक तुकडा भरणार, तो टपालानं पुढच्या देशात जाणार आणि शेवटी सगळे तुकडे जोडून एक भली मोठी गोधडी होणार. सून मोबाइल माझ्या नाकाशी धरून म्हणाली, "धाग्यांनी मनं जोडायची, आई. पहिला टाका तुम्हीच घाला ना! तुमचा हात किती सफाईदार आहे." माझ्या तोंडून "शी!" निघालं. तिला वाटलं मोबाइलवर काही डाग आहे, म्हणून तिनं तो ओढणीला पुसला.

तिला काय सांगणार? सांगण्याजोगं असतं तर केव्हाच सांगितलं असतं.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. मी वीस वर्षांची होते. बी.ए.ची परीक्षा देऊन धंतोलीच्या घरी निकालाची वाट पाहत बसले होते. नागपूरचा तेव्हाचा उन्हाळा म्हणजे सकाळी नऊलाच दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर तासातासाला पाणी मारायचं. बाहेर पडायचं तर लू लागू नये म्हणून पिशवीत कांदा टाकायचा. दुपारी नळ सोडला तर हात पोळायचा. गच्चीवर सांडगे वाळत असायचे, त्यांवर धूळ बसू नये म्हणून आई जुनं लुगडं पसरायची आणि ते लुगडं उडू नये म्हणून मला तिथे राखणीला बसवायची. बी.ए. झालेली मुलगी सांडगे राखते! वैतागून मी आमच्या वस्तीतल्या महिला मंडळात जायला लागले.

मंडळाच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यांतल्या मोठ्या खोलीत त्या वर्षी कूलर आला होता. वस्तीतला पहिलाच. लोखंडी डबा, कपाटाएवढा, जमिनीवर ठेवलेला. खरं सांगायचं तर मी गेले ती त्या गार वाऱ्यासाठी, समाजसेवेसाठी नाही. अध्यक्ष होत्या इंदूताई. कडक इस्त्रीची पांढरी साडी, मऊ मऊ बोलणं. त्यांनी आवाज चढवलेला मी एक वेळ सोडली तर कधी ऐकला नाही. आवाज न चढवता माणसाला जागेवर कसं बसवता येतं ते मी त्यांच्याकडे पाहिलं.

तर त्यांच्याकडे हॉलंडहून एक पार्सल आलं. तिथल्या बायकांच्या कुठल्याशा मंडळानं एक भलं मोठं पांढरं कापड पाठवलं होतं, दोन बाजा एकमेकींना लावल्या तर जेवढ्या होतील तेवढं. चारी कडांनी त्यांनी निळे पक्षी आणि झाडं भरली होती. मधलं सगळं कोरं, आणि अगदी मध्यावर पेन्सिलीनं काढलेलं एक गोल. सोबत रंगीत दोऱ्यांच्या लडी आणि चिठ्ठी. इंग्रजी माझं चांगलं म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. लिहिलं होतं की कडा आम्ही भरल्या, आता आतलं तुम्ही भरा. मधलं गोल तुमच्या मनातलं. उन्हाळ्याअखेर आमच्यातल्या तिघी हिंदुस्थानात येणार आहेत, त्या तुमच्याकडे येऊन शेवटचा टाका घालतील. नवतपा, म्हणजे मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, काय असतो ते त्या बिचाऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

इंदूताईंचे डोळे भरून आले. "आपली एकी दिसली पाहिजे गं यात," त्या म्हणाल्या. "सगळ्या समाजांच्या भगिनी हव्यात." मग भगिनी गोळा करायला सुरुवात झाली. भाजीवाल्याकडून आणाव्या तशा, एक ही, एक ती. मोमिनपुऱ्यातून नसीमआपा आल्या. त्या लग्नाच्या ओढण्यांवर जरीचं काम करायच्या. कापड ताणायला त्यांनी आपल्या घरची कारचोब आणली, म्हणजे चार पायांवर उभी राहणारी मोठी लाकडी चौकट. आणि इंदोऱ्याहून आल्या भागरताबाई.

भागरताबाई तिशीच्या असतील. काळ्या, उंच, हाडापेरानं मजबूत. माहेर भिवापूरचं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या आणि वडिलांच्या बोटाला धरून भिवापुराहून चालत नागपूरला आल्या होत्या, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं. इतवारीतल्या एका शिंप्याकडे त्या काजं करायच्या. दिवसभर नुसती काजं, शर्टांची, कोटांची. दुकानाच्या मागल्या अंधाऱ्या खोलीत बसून डोळ्यांतून पाणी यायचं. पण त्यांचा काजाचा टाका पाहावा! मोजून घातल्यासारखा, एकाला एक लागून. इंदूताईंनी तो पाहिला आणि सगळ्यांसमोर शब्द दिला. "हे कापड एकदा पार पडू दे. आपल्या शिवणवर्गाची जागा रिकामी आहे, ती तुम्हालाच." मी तेव्हा भागरताबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर नीट केला.

कडेचं काम कुठूनही करता यायचं, पण कारचोबीवर ताणलेल्या कापडाच्या मध्यापर्यंत वरून एक हात पोचायचा, खालचा नाही पोचायचा. मग ठरलं की एकीनं वरून सुई खुपसायची आणि दुसरीनं चौकटीखाली बसून ती ओढून परत वर पाठवायची. वर भागरताबाई. खाली कोण? सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत बारीक मी. अशी मी तो उन्हाळा कापडाखाली काढला. कूलर समोरच जमिनीवर. ओल्या गवताचा वारा थेट तोंडावर यायचा, वर पांढऱ्या कापडातून झिरपलेला उजेड, आणि माझ्या डोक्यावर, हातभर अंतरावर, भागरताबाईंचा आवाज.

पहिल्याच दिवशी सुई खाली आली आणि तिच्यामागचा दोरा माझ्या बोटांना ओला लागला. मला आधी कळेना. मग मी चौकटीबाहेर मान काढून पाहिलं. भागरताबाईंनी नवा दोरा तोडला, टोक ओठांत धरलं, जिभेवरून फिरवलं, दातांनी चपटं केलं आणि एका झटक्यात ओवलं. माझ्या अंगावर काटा आला. दोरा तर सगळ्याच बाया असा ओवतात, माझी आईही ओवायची. पण आईचं उष्टं आईकडे. आमच्या घरी भाजीची चव पळीनं तळहातावर घेऊन बघायची, आणि तो हात धुवायचा, आणि पळीही. अशा घरातली मी, आणि माझ्या चिमटीत एका परक्या बाईची थुंकी! परकी एवढंच म्हणते आहे मी. तेव्हा मनात जो शब्द आला होता तो परकी नव्हता. तो लिहायचीही मला आज लाज वाटते.

मी दर वेळी दोरा परकराला पुसायला लागले. घरी आल्यावर बोटं साबणानं धुवायची, कोपरापर्यंत. आई मागच्या दाराशी पाण्याची बादली घेऊन उभीच असायची. तिला सांगावं लागायचं नाही.

पण दोन माणसं रोज तीन तास एकाच सुईशी बांधलेली असली की बोलणं होतंच. चेहरा दिसत नसला की आणखीच होतं. गोलात काय भरायचं ते इंदूताईंनी ठरवलं होतं, कमळ. भागरताबाई म्हणाल्या, "कमळ मले नाई येत. मिरच्या येतेत." आणि त्यांनी खरंच मिरच्यांचं रिंगण घातलं. भिवापुरी मिरच्या, लालभडक, देठ आत, टोकं बाहेर, सगळ्या काजाच्या टाक्यात. लहानपणी तोडणीला जायच्या तेव्हा हाताची आग रात्री ताकात बुडवूनही जायची नाही म्हणे. "आन मंग झोपीत डोये चोयले का बोंब!" त्या वर हसायच्या आणि कापड माझ्या डोक्यावर हलायचं.

त्यांची मुलगी विशाखा तिसरीत होती. एकदा म्हणाल्या, "शायेत इचारतेत पोरीले, आई काय करते? थे सांगते, काजं करते. सारे हासतेत. आता जूनमंदी सांगन, माही आई मास्तरीन हाये." मग खूप वेळ सुई आली नाही. मी खालून विचारलं, "भागरताबाई, दोरा संपला?" तर म्हणाल्या, "नाई वं. अशीच बसून राहिली."

पाण्याच्या वाटीचा दिवस मला तारखेसकट आठवत नाही, पण उजेड आठवतो. इंदूताई मऊ आवाजात म्हणाल्या, "परदेशी पाहुण्यांना स्वच्छतेचं फार असतं बरं का. दोरा तोंडात घालू नका कोणी. पाण्यात बुडवून ओवा." आणि पाणी आलं. आमच्यासाठी एक पितळी वाटी, सगळ्यांत मिळून. नसीमआपांसमोर एक कप आणि भागरताबाईंसमोर एक कप. दोन्ही कपांचे कान तुटलेले. कूलर तेवढा घरघरत होता.

नसीमआपांनी आपल्या लडी गुंडाळल्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बेटा, अम्मी की कारचोब है, सँभाल के रखना. काम हो जाए तो भिजवा देना. मैं अब नहीं आऊँगी." इंदूताईंनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं की त्यांच्या घरी कसलंसं लग्न निघालंय.

भागरताबाईंना तसं उठून जाणं परवडणारं नव्हतं. त्यांनी कपातलं पाणी वाळ्याच्या ताटीवर ओतलं, रिकाम्या कपात आपली कात्री आणि बोटात घालायची टोपी ठेवली, आणि दोरा तोंडात घातला. "पान्यानं दोरा फुगते," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "थुंकीनंच टोक येते." इंदूताई नुसत्या हसल्या. त्याच दुपारी, पितळी वाटी हाताशी असताना, इंदूताईंनी स्वतःचा दोरा जिभेला लावून ओवला. मी खालून पाहिलं. त्यांना स्वतःला ते कळलंसुद्धा नसणार. त्या क्षणी मला त्यांची जी शिसारी आली ती आजतागायत गेलेली नाही. आणि तेवढ्यावरच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं, इंदूताई वाईट, मी चांगली, संपलं.

पण मी माझंही सांगते. मेच्या उकाड्यात केव्हातरी माझं दोरा पुसणं सुटलं. कंटाळा म्हणा, सवय म्हणा, माया म्हणा. एकदा दोरा सुईतून निसटला. तो परत ओवायला मी टोक तोंडात घातलं, ओवलं, आणि मग लक्षात आलं. तेच टोक! त्यांच्या तोंडातलं! मी चौकटीखालून धडपडत बाहेर आले आणि मोरीत जाऊन तीनदा चुळा भरल्या. परत आले तर वरून आवाज, काळजीचा. "काय झालं वं पोरी? सुई लागली का?"

मी म्हटलं, "हो."

"पाहून घे, रगत थांबलं का," त्या म्हणाल्या आणि मी ओवून ठेवलेली सुई त्यांनी वर ओढून घेतली. त्या दोऱ्याला आता माझी थुंकी होती. त्यांनी पुसला वगैरे नाही. तशाच टाका घालत राहिल्या. त्या कधीच कोणाचा दोरा पुसायच्या नाहीत.

हॉलंडच्या लडींतला लाल दोरा मिरच्या अर्ध्या होतात तोच संपला. भागरताबाईंनी इतवारीतून लाल दोरा आणला. त्या दिवशी त्यांनी कापडावर बोट वाजवून मला हाक मारल्यासारखं केलं. "हा लाल देसी हाये, पोरी. थंड्या पान्यातून काढला तं काई होत नाई. कढत पानी लागलं का सारं कापड रंगवून टाकन. तू ध्यानात ठेव, त्या बायकाईले मी सांगितलेलं नाई पटत." मी म्हटलं, ठेवते. हे फक्त मला माहीत होतं. आणखी कोणालाही नाही.

कापड पुरं झालं तेव्हा नवतपा लागला होता. पाहुण्या तीन दिवसांवर. इंदूताईंनी घडी माझ्या हातात दिली आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "घरी ने गं, आणि छान धुऊन इस्त्री करून आण. किती जणींच्या तोंडचं आहे ते."

घरी आई मागच्या दाराशी. "कोणाकोणाचे हात लागलेत त्याला! तसंच आत आणू नकोस." आणि तिनं चूल पेटवली. नागपुरात नवतप्यात, नळाला पोळतं पाणी येत असताना, माझी आई पातेलंभर पाणी उकळायला ठेवून बसली होती! वर मूठभर धुण्याचा सोडा. मी शेजारी उभी होते. भागरताबाईंचं बोलणं माझ्या कानात होतं, विसरले नव्हते. आईला सांगायला तोंडही उघडलं. मग वाटलं, एकदाच बुचकळून काढलं तर काय होणार आहे? आणि त्याच्याही खाली आणखी एक वाटत होतं. दोन महिने जे कापड माझ्या तोंडावर होतं, ज्याच्या दोऱ्याला माझे ओठ लागले होते, ते एकदा खळाखळा उकळून निघावं असं मलाच हवं होतं. आईनं मला ढकललं नाही. पातेल्यात कापड मी घातलं, माझ्या हातांनी.

पाणी लाल झालं. मी काठीनं कापड उचललं तर मिरच्यांतून रंग धावत सुटला होता, पांढऱ्यावर, निळ्या पक्ष्यांवर.

दुसऱ्या दिवशी मंडळात ते कापड उलगडलं तेव्हा इंदूताई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "अगं बाई! हे काय झालं?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "भागरताबाईंचा लाल दोराच कच्चा निघाला."

भागरताबाई दारातच होत्या, चपला काढून नुकत्या आत येत होत्या. इंदोऱ्याहून बर्डीपर्यंत बस, तिथून त्या उन्हात पायी. त्या पुढे आल्या, त्यांनी कापड बोटांत धरून पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं. मग माझ्याकडे पाहून अगदी हळू विचारलं, "थंड्या पान्यात धुतलं ना, पोरी?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी कापड खाली ठेवलं. "मंग माहीच चूक असन," त्या म्हणाल्या. कपातली कात्री आणि टोपी घेतली, चपला घातल्या आणि गेल्या. कोणी थांब म्हटलं नाही. मीही नाही. शिवणवर्ग जूनमध्ये इंदूताईंच्या भाचीला मिळाला. तिला काजं येत नव्हती.

पुढचं सगळं तर ओकारी यावी असंच. इंदूताईंनी मिरच्यांचं गोल कात्रीनं कापून काढलं आणि त्या जागी साटिनचं तयार कमळ शिवलं. पांढऱ्यावरच्या लाल डागांचं काय करायचं? "परदेशी लोकांना काय कळतं? आपली गुलालाची पद्धत आहे म्हणून सांगू." आणि ते सांगितलं कोणी? मी. बी.ए. पास, दुसऱ्या वर्गात. हॉलंडच्या तीन बाया घामानं निथळत, लाल लाल होऊन खुर्च्यांवर बसल्या होत्या आणि मी त्यांना स्वच्छ इंग्रजीत सांगत होते की शुभकार्याच्या कापडावर आम्ही असा रंग उधळतो. त्यांनी वह्यांत टिपून घेतलं.

मग त्यांतली सगळ्यांत म्हातारी बाई शेवटचा टाका घालायला उठली. तिनं दोरा तोडला आणि सरळ तोंडात घातला. जिभेवरून फिरवला, दातांनी चपटा केला, आणि ओवला. मी इंदूताईंकडे पाहिलं. इंदूताईंच्या डोळ्यांत पाणी. "किती साध्या! आपल्यातल्याच वाटतात गं!" त्या पुटपुटल्या आणि त्या बाईच्या हातून तीच सुई घेऊन, तोच ओला दोरा चिमटीत धरून त्यांनी पुढचा टाका घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पितळी वाटी टेबलावर होती. तिच्याकडे कोणाचं लक्षही गेलं नाही.

त्या म्हातारीनं कापड उलटं करून पाहिलं. भरतकाम येणारी बाई आधी मागची बाजू बघते. कमळाच्या कडेला, कात्रीच्या तावडीतून सुटलेले, मिरचीच्या टोकाचे पाच-सहा काजाचे टाके राहिले होते. तिनं त्यांवर बोट ठेवून मला विचारलं, हा हात कोणाचा? ती इथे आहे का? मला भेटायचंय. इंदूताईंनी विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "छान झालंय म्हणतात." आणि त्या म्हातारीला सांगितलं की आम्ही सगळ्यांनी मिळून केलं.

मंडळ नंतर बंद पडलं, इंदूताई गेल्या, आई गेली. कारचोब मी स्वतः मोमिनपुऱ्यात नेऊन दिली, तेवढं एक केलं. केराच्या टोपलीतून उचललेलं ते मिरच्यांचं गोल मात्र माझ्याच ट्रंकेत राहिलं. परवा सून गोधडीसाठी जुन्या चिंध्या शोधत होती, तर ते तिच्या हाती लागलं. "अय्या आई, काय काम आहे हे! हेच मध्ये लावू या ना. तुम्ही केलंय?" मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं. जोरात ओढलं असणार, कारण ती बिचारी घाबरली. मी सांगितलं, मी नाही केलं. कोणी केलं ते नाही सांगितलं. धाग्यांनी मनं जोडणाऱ्या बायकांना मी आजही तेवढीच घाबरते, आणि त्यांच्यात मीही आलेच.

भागरताबाई मला नंतर एकदाच भेटल्या. दहाएक वर्षांनी, असाच उन्हाळा. मुलीचे फ्रॉक टाकायला मी इतवारीत गेले होते. शिंप्याच्या दुकानाच्या फळीवर, उजेडासाठी अगदी पुढे सरकून, त्या बसल्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, केस पांढरे. मांडीवर कोट, काज करायचं होतं. दोरा काही ओवला जात नव्हता. सुईच्या शेजारून जात होता.

मी म्हटलं, "भागरताबाई, मी कुमुद."

त्यांनी मान वर केली. "हो का," म्हणाल्या. "बरी हायेस?" विशाखा कामठीला नर्सचं शिकून राहिली आहे, असं सांगितलं. मग सुई-दोरा माझ्यापुढे केला. "ओवून दे वं. दिसत नाई आता."

दोऱ्याचं टोक ओलं होतं. त्यांनी बराच वेळ खटपट केलेली असणार. मी ते तोंडात घातलं. मुद्दाम, त्यांच्या समोर, जिभेवर धरून ठेवलं. किळस आली नाही. मला वाटलं, हेच करायचं राहिलं होतं, आता झालं. मी सुई ओवली, त्यांच्या हातात दिली आणि एका दमात बोलून टाकलं, "भागरताबाई, तेव्हा पाणी कढत होतं."

"माहीत हाये मले," त्या म्हणाल्या. "थंड्या पान्यानं येवढा रंग नाई सुटत."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू हो म्हनली ना."

एवढंच. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. त्यांनी सुई उजव्या हातात धरली, डाव्या हातानं पदराचं टोक घेतलं आणि माझ्या तोंडातून निघालेला तो ओला दोरा पुसला. बोटांनी चाचपून पाहिला, पुन्हा एकदा पुसला. मग काज करायला घेतलं.